किल्ल्याची चित्रं: तीन ठिकाणांहून घेतली, टेस्टिंग आमच्या जुळ्यांनी केलं

तुळशीचं लग्न झालं, काल किल्ला मोडला, माती परत कुंड्यांत गेली, आणि पार्किंगच्या फरशीवरचा चिखल घासून घासून माझी कंबर गेली. तर आता जरा टेकल्यावर हा रिव्ह्यू लिहून टाकते, कारण दिवाळीच्या आधी मी सगळीकडे शोधत होते की किल्ल्याची चित्रं कुठली घ्यावीत, मातीची का पीओपीची का प्लॅस्टिकची, आणि कुणीच धड लिहिलेलं नव्हतं. सगळे नुसते फोटो टाकतात. फोटोत काय, सगळेच मावळे छान दिसतात. माझ्या घरी येऊन पाच दिवस टिकून दाखवा म्हणावं.

(पुण्याबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे किल्ल्यावर मांडायच्या पुतळ्यांना चित्रं म्हणतात. मावळे, तोफा, गवळण, विहिरीवर पाणी काढणारी बाई, भाजीवाली, वाघ, सगळी चित्रंच. माझ्या नगरच्या जावेला हे सांगितलं तर ती म्हणाली चित्रं भिंतीवर लावतात ना. असो.)

तर घरातली परिस्थिती आधी सांगते म्हणजे रिव्ह्यू कुठल्या कंडिशनमधे झालाय ते कळेल. आमची मोठी सई, वय दहा, अत्यंत शिस्तीची, वहीला कव्हर घातल्याशिवाय पहिलं अक्षर न लिहिणारी. आणि तिच्या खालची जुळी, निमू आणि रघू, साडेपाच वर्षांची. दिसायला गरीब. निमू डोकं चालवते आणि रघू हातपाय, असं एकंदर त्यांचं खातं आहे. सई जे काही करेल ते या दोघांना त्याच मिनिटाला हवं असतं आणि मिळालं की नको असतं. सईचं म्हणणं आहे की शत्रू बाहेरून येतो हे पुस्तकातलं, खरा शत्रू आपल्याच घरात आपल्याच ताटातलं खात असतो.

या वर्षी सईला राजगड करायचा होता. जुलै २०२५ मधे युनेस्कोच्या यादीत आपले किल्ले आले ना, महाराष्ट्रातले अकरा आणि तामिळनाडूतली जिंजी धरून बारा, तेव्हापासून ती बारा नावं एका दमात म्हणून दाखवते, घरी येणाऱ्या प्रत्येकाला, गॅसवाल्याला सुद्धा. त्यातला राजगड का, तर म्हणे सगळे लोक रायगड आणि प्रतापगड करतात पण रायगडाच्या आधी राजधानी राजगडच होता आणि त्याला तीन माच्या आहेत, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी, आणि मधे उंच बालेकिल्ला, तर दिसायला भारी दिसतो. वहीत नकाशा काढला. गुंजवणे दरवाजा, पाली दरवाजा, आळू दरवाजा, सगळं स्केलपट्टीने. सुवेळा माचीवर जे नेढं आहे, म्हणजे कड्याला आरपार भोक, ते सुद्धा. आणि खाली लाल पेनाने ‘निमू रघूला प्रवेश नाही’. आता त्यांना वाचता येत नाही हा मुद्दा मी काढला नाही.

आता चित्रं. पहिली ऑनलाइन मागवली, चोवीस पीसचा मावळा सेट, प्लॅस्टिकचा, साडेतीनशे रुपये. मला वाटलं न फुटणारं काहीतरी असलेलं बरं. आले ते बघून सईने एकच शब्द काढला, “ई”. चोवीसच्या चोवीस जण एकाच पोजमधे, उजवा हात वर, म्हणजे लढताहेत का रिक्षाला हात करताहेत तेच कळेना. तलवारी इतक्या मऊ की डब्यातून काढल्यावर सगळ्या शेवयांसारख्या खाली वळलेल्या, मी गरम पाण्यात धरून सरळ केल्या तर दुसऱ्या दिवशी परत तशाच. वजन काहीच नाही त्यामुळे मातीत रोवल्याशिवाय उभे राहात नाहीत, गार वारा आला की अख्खी पलटण आडवी. सोबत दोन नारळाची झाडं फुकट. राजगडावर नारळ! पण एक गोष्ट मान्य करायला हवी, टिकाऊपणात यांना तोड नाही. रघूने एक दाताने चावला, निमूने एक कमोडमधे सोडला (काढला मी), एक स्कूटरखाली आला, तरी एकालाही काही झालं नाही. तर ज्यांच्या घरी तीन वर्षांखालचं मूल आहे आणि नुसतं खेळायला पाहिजे त्यांनी जरूर घ्या, मात्र तोंडात अख्खा जाईल एवढा लहान पीस नाही ना ते बघून घ्या. किल्ल्यावर मात्र नको. पाचात दीड, तो अर्धा पण कमोडवाल्या मावळ्याच्या जिद्दीसाठी.

दुसरी घेतली आमच्या इथल्या रस्त्यावरच्या स्टॉलवरून, पीओपीची. नाव लिहीत नाही, दर वर्षी माणूस वेगळा असतो तिथे. दिसायला म्हणाल तर सगळ्यात सुंदर हीच. चेहरे रेखीव, मिशा बारीक ब्रशने काढलेल्या, अंगरख्याला सोनेरी काठ, सई अगदी हरखून गेली. लहान मावळा चाळीसला, घोडेस्वार दीडशेला, तोफ साठला. घरी आणेपर्यंत दोन तलवारी आणि घोड्याचा एक कान पिशवीत सुटा. ही चित्रं नेमकी मनगटाशी तुटतात, कारण हात बारीक आणि आत तार नाही. (काहींच्यात तार असते, घेताना तलवारीकडे नीट बघा, टोकाला तार दिसली तर तेच घ्या.) स्टॉलवाल्याला म्हणलं दादा हे आत्ताच तुटलं, तर म्हणे ताई लढाईत असंच होतं. उत्तर आवडलं मला पण पैसे काही कमी केले नाहीत.

आणि तिसरी कुंभारवाड्यातली, कसब्यात. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी गेलो तिघांना घेऊन, आणि ही माझी या दिवाळीतली सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात चांगली ट्रिप, दोन्ही. गाडी नेऊ नका, लावायला जागाच नाही, आम्ही शनिवारवाड्याच्या बाजूला लांब लावून चालत गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूला पणत्यांचे ढीग, बोळकी, लक्ष्म्या, आणि मधे मधे चित्रांच्या रांगा. भाजलेल्या मातीची चित्रं मागा, मागितल्याशिवाय बरेच जण समोरची पीओपीचीच दाखवतात. आम्ही एका मावशींकडे बसलो, त्यांच्याकडे रंगवलेली पण होती आणि कोरी, नुसती विटकरी रंगाची पण. कोरी वीस रुपयाला एक, रंगवलेली तीसला. ओबडधोबड म्हणाल तर आहेत. सगळ्यांचे डोळे असे मोठे, की किल्ल्यावर लाइटचं बिल आलंय असं वाटावं. मापाचा पण काही ताळमेळ नाही, गवळण हत्तीएवढी आणि वाघ मांजराएवढा. पण हातात धरलं की वजन लागतं, बूड जाड आहे, ठेवलं की ठेवलं तिथे उभं राहतं. हात अंगाला चिकटलेले असतात त्यामुळे मोडायला काही बाहेरच आलेलं नसतं. हे डिझाइन ज्या कुणी पहिल्यांदा केलं असेल त्याच्या घरी नक्की जुळी असणार.

सईने मोजून चित्रं निवडली, चौदा मावळे, चार तोफा, पाली दरवाजासाठी भालेवाला पहारेकरी, आणि सिंहासनावर बसलेले महाराज, ते तेवढे मोठे, अडीचशेचे. जुळ्यांनी काय निवडलं? निमूने मगर घेतली. रघूने मोबाइलवर बोलणारा पोलीस घेतला. हो, मिळतो, चित्रांत सगळं मिळतं, क्रिकेटर, बँडवाला, पिंगळा, विमान. सई म्हणाली आई राजगडावर मोबाइलवाला पोलीस चालणार नाही. रघू म्हणाला मग तुमचा किल्ला चोरीला गेला तर फोन कोण करेल. मावशी इतक्या हसल्या की पोलीस फुकट दिला.

सईच्या आग्रहाखातर मी सहा कोरे मावळे पण घेतले रंगवायला. पोस्टर कलर चांगला बसतो भाजलेल्या मातीवर, फक्त आधी ओल्या फडक्याने धूळ पुसा आणि पूर्ण वाळू द्या, आणि रंग पातळ नको नाहीतर माती सगळा शोषून घेते आणि फिकट दिसतं. सईने चार रंगवले, अगदी नखाएवढे बटण सुद्धा. दोन जुळ्यांना दिले. निमूचा मावळा संपूर्ण जांभळा, डोळ्यांसकट. रघूचा अर्धा रंगवला आणि उरलेला रंग रघूला.

बांधकामाचं थोडक्यात लिहिते कारण ते सगळ्यांना माहीत असतं. विटा, जुनी खोकी, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वरून लाल मातीचा लेप. खोकी भिजून बसतात म्हणून बालेकिल्ल्याखाली आम्ही उलटी बादली घातली. गवतासाठी मोहरी आणि अळीव. अळीव तीन-चार दिवसांत वर येतं, मोहरीला एखादा दिवस जास्त, म्हणून वसुबारसेच्या आधी चार-पाच दिवस पेरून ठेवायचं. अळीव आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डब्यातलं, लाडवाचं, त्यामुळे आईंचं पण एक लक्ष किल्ल्यावर. आणि सोसायटीच्या मांजरीचं दुसरं लक्ष. पद्मावती माची ही तिला आपल्या सोयीसाठीच बांधली आहे असं वाटलं, यापुढे लिहीत नाही, समजून घ्या, रात्री वरून जुनी मच्छरदाणी टाका.

आता सगळे टेस्ट ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने.

पहिला हल्ला धनत्रयोदशीला दुपारी, सई क्लासला गेलेली असताना. नेढ्यातून. सईने बोटाने केलेलं ते एवढंसं भोक, जुळ्यांनी चमच्याने मोठं केलं आणि त्यातून गाडी घातली, मग दुसरी, मग ट्रेन. सुवेळा माची म्हणजे थोडक्यात बोगदाच झाला. सई आली आणि बघून आधी ओरडलीच नाही, मला जास्त भीती त्याचीच वाटते. मग म्हणाली नेढं निसर्गाने करायला किती वर्षं लावली असतील आणि यांनी वीस मिनिटांत वाट लावली. निमू म्हणाली आम्ही पण निसर्गच आहोत. वरची माती ढासळून सात चित्रं खाली आली, साधारण दीड फुटावरून फरशीवर. निकाल: पीओपीच्या तीनपैकी तीन गेली, एक तर मधोमध दोन तुकडे. मातीच्या चारपैकी एकाच्या पगडीचा टवका उडाला, बाकी उठून परत ड्युटीवर. प्लॅस्टिकचे तेव्हा किल्ल्यावर नव्हतेच, हद्दपार होते.

दुसरी टेस्ट पाण्याची. अळिवाला पाणी मारायची स्प्रेची बाटली सईकडे असायची, तेच तर अधिकाराचं चिन्ह ना. ती नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानाच्या गडबडीत जुळ्यांच्या हाती लागली आणि त्यांनी गडावर पाऊस पाडला. बाटली रिकामी झाल्यावर मग तांब्याने. पीओपीच्या घोडेस्वाराचा सोनेरी काठ घोड्यावरून ओघळून माचीवर आला, चेहरा पांढराफट्ट. मातीच्या रंगवलेल्या चित्रांचा पण रंग थोडा गेला, खोटं नाही सांगणार, ते साधे रंग असतात, पण आतलं चित्र जसंच्या तसं. आमच्या पोस्टर कलरवाल्यांचं तेच झालं, निमूचा जांभळा मावळा मात्र इतका रंग प्यायला होता की उरलाच. तर पाणी घालायचं असेल तर चित्रं उचला, मग घाला, मग मांडा. आणि कच्च्या मातीची, म्हणजे न भाजलेली चित्रं कुणी स्वस्तात दिली तर घेऊ नका, ती पाण्यात विरघळतात. नखाने वाजवून बघा, भाजलेलं असेल तर खणखणीत वाजतं.

तिसरी गोष्ट टेस्ट नाही पण सांगते. अळीव छान बोटभर वर आलं आणि एके सकाळी एका कडेचं गायब, अगदी सरळ रेषेत कापलेलं. निमूच्या कात्रीचं काम. विचारलं तर म्हणाली चौथाई घेतली. हे कुणी शिकवलं? तर सईनेच, आदल्या रात्री झोपताना गोष्टीत, चौथाई म्हणजे चौथा हिस्सा द्यायचा म्हणजे मग हल्ला होत नाही. सईला आपलंच शस्त्र आपल्यावर आलेलं कळलं आणि तिने चिडून का होईना पण शंकरपाळ्यांच्या वाटीतला चौथा हिस्सा रोज द्यायचं कबूल केलं. दोन दिवस पाळलं दोघांनी. तिसऱ्या दिवशी रघूला चौथा हिस्सा म्हणजे चार शंकरपाळे वाटत होते आणि सईला वाटीच्या हिशोबाने तीन, त्यावरून तह मोडला.

या सगळ्याला वैतागून माझ्या नवऱ्याने एक आयडिया केली. म्हणे यांना यांचा वेगळा किल्ला देऊन टाकू. आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो एक तयार किल्ला घेऊन आला, पीओपीचा, चार बुरूज आणि मधे दरवाजा, सहाशे रुपये. याचा रिव्ह्यू एका ओळीत: घेऊ नका. आतून पोकळ, वर हिरवा भुसा चिकटवलेला, तो हाताला, चादरीला, भाताला लागतो, आणि बुरुजावर मातीचा एक मावळा ठेवला तर बुरूज आत गेला. पोरांनी वीस मिनिटं खेळून सोडून दिला. अहो, किल्ला करण्यातच तर मजा असते, केलेला आणून काय करायचं, माझ्या सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या पण मुलाला कोण बोलणार.

आणि मग निमूला सुचलं ते मला मान्य करावंच लागेल. तिने बाथरूममधला मोठा निळा टब ओढत पार्किंगमधे आणला, पाइपने भरला, मधे उलटा कुंडा ठेवला, त्यावर तो सहाशेचा मोडका किल्ला, त्यात मोबाइलवाला पोलीस आणि प्लॅस्टिकची हद्दपार चोवीस जणांची पलटण. पाण्यात मगर. आणि जाहीर केलं, हा जंजिरा.

सई पहिल्यांदा इतकी भडकली की बोलायलाच येईना. “जंजिरा आपला नाहीच! तो सिद्दीचा आहे! तुम्ही आपल्या बाजूचे आहात!” निमू शांतपणे म्हणाली, “तो कुणालाच जिंकता आला नाही ना?” सई म्हणाली, “नाही.” “मग झालं,” निमू म्हणाली, “तुला पण नाही येणार.” सई म्हणाली तो युनेस्कोच्या यादीत पण नाहीये. रघू म्हणाला आमच्याकडे मगर आहे.

पुढचे दोन दिवस राजगड ओस. सई आता स्वारीवर. तिने वाचलेलं होतं की महाराजांनी जंजिऱ्याला शह द्यायला समोर समुद्रातच पद्मदुर्ग बांधला, तर तिने माझा पोह्यांचा स्टीलचा डबा उलटा करून टबात ठेवला आणि त्यावर दोन तोफा चढवल्या. मातीच्या तोफा हं, आणि त्या पाण्यात पडल्या पाच-सहा वेळा, काही झालं नाही, फडक्याने पुसल्या की परत तयार. मग आइस्क्रीमच्या काड्यांच्या शिड्या झाल्या. मग संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून भर टाकून सेतू बांधायला घेतला होता तसा तिने खडी टाकून रस्ता करायला घेतला, शेजारच्या बांधकामावरून आणलेली खडी, टबात, ज्यात आम्ही नंतर अंघोळीचं पाणी भरतो. आणि रघूचं उत्तर काय, तर तो टब हलवायचा. भरती आली म्हणायचा. सेतू गेला वाहून. इतिहासात पण तो पुरा झालाच नव्हता असं सईनेच सांगितलं, म्हणजे तिला आधीच माहीत होतं, तरी खडी टाकत होती. मी वरून गॅलरीतून बघत होते आणि खरं सांगू का, मला शेवटी शेवटी कळेना की सई जिंकावी असं मला वाटतंय का टब जिंकावा.

इथे प्लॅस्टिकवाल्यांना अर्धा गुण वाढवून देते, दोन करा. ते तरंगतात. पाण्यातल्या किल्ल्याला हे कामाचं आहे, पडले तरी बुडत नाहीत, आपोआप कडेला येतात. पीओपी टबात पडली तर रंग सोडून पाणी दुधासारखं करते. सहाशेचा किल्ला पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत मऊ होऊन एका बाजूला कलला. म्हणजे जंजिरा शेवटी पडला तो मटेरियलमुळे, सई ते विजयात धरते, निमू धरत नाही, वाद अजून चालू आहे.

या सगळ्यात एक नियम मात्र कुणीही न सांगता पाळला गेला, महाराजांना कुणी हात लावायचा नाही. नेढं पाडलं त्या दिवशी सुद्धा जुळ्यांनी आधी महाराजांना उचलून आत देवाजवळ नेऊन ठेवलं, मुजरा केला आणि मग परत येऊन माची पाडली. सई म्हणाली बघ किती लबाड आहेत. मला ते चित्र बघून बाकीचा राग आलाच नाही.

आता राहिला तो पहारेकरी. पाली दरवाजावरचा भालेवाला, मातीचा, धनत्रयोदशीच्या हल्ल्यापासून बेपत्ता. सईने शोधमोहीम काढली, दप्तरं तपासली, गादीखाली बघितलं, मोबाइलवाल्या पोलिसाची पण चौकशी झाली. जुळी तोंडातून शब्द काढेनात. भाऊबीजेला सईने रघूला ओवाळलं. निमू लगेच पाटावर येऊन बसली, मला पण. सई म्हणाली तू भाऊ आहेस का? निमू म्हणाली शत्रू तर आहे. तिलाही ओवाळलं मग, काय करणार. रघूने तबकात ओवाळणी टाकली, हातरुमालात बांधलेली. सोडली तर पहारेकरी. भाला जागेवर, ढाल जागेवर, मुंडकं नाही.

“डोकं?” सई म्हणाली.

“पुढच्या वर्षी,” रघू म्हणाला.

तर हिशोब. प्लॅस्टिक पाचात दोन. रस्त्यावरची पीओपी पाचात दोन, दिसण्याला पाच दिले असते पण दिसतात फक्त पहिल्या दिवशी, आणि शोकेसमधे ठेवणार असाल तर खुशाल घ्या. तयार किल्ला शून्य. कुंभारवाड्याची भाजलेली माती साडेचार, अर्धा कमी केला रंगासाठी आणि पार्किंगसाठी. जाताना घरून जुनी वर्तमानपत्रं आणि एक खोका न्या, तिथे नुसत्या पिशवीत घालून देतात. सुटे पैसे न्या. कोरी चित्रं दिवाळीच्या तोंडावर संपतात म्हणून आठवडाभर आधी जा. मुलांना नेऊ नका असं लिहिणार होते पण न्या.

निघताना त्या मावशी म्हणाल्या होत्या की काही तुटलं तर टाकू नका, पुढच्या वर्षी घेऊन या, बसवून रंगवून देईन. पहारेकरी कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. डोकं अजून मिळालेलं नाही, मी आज तांदळाचा डबा पण रिकामा करून बघितला.